लूमखात्यातलं बोलणं

लग्न होऊन महूहून इंदूरला आले, तेव्हा पहिले काही दिवस माझी अशी समजूत होती की आपल्या नवऱ्याला सारखं काहीतरी चघळायची सवय आहे. समोरच्या भिंतीला टेकून बसलेला हा माणूस माझ्याकडे बघायचा, त्याचे ओठ हलायचे आणि आवाज काही यायचा नाही. पान खाणारे असतील म्हणून मी एकदा धीर करून विचारलं, "चुना हवाय का?" तर ते हसायलाच लागले. सासूबाई मेथी निवडत होत्या, त्यांनी मान वर केली नाही.

ते मिलमध्ये लूमखात्यात होते. सासरेही तिथेच होते, मी यायच्या आधीच गेले. लूमखातं म्हणजे कापड विणायची जागा. एका छपराखाली मागांच्या रांगाच्या रांगा एकदम चालायच्या आणि तिथे कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरी ऐकू जायचं नाही. म्हणून तिथले लोक ओरडण्याच्या भानगडीत पडतच नसत. ओठ हलवायचे, जोडीला हात हलवायचे. दोन रांगा पलीकडचा माणूससुद्धा पोराच्या तापाबद्दल विचारायचा आणि त्याला उत्तरही मिळायचं. तिथला एक रिवाज त्यांनी मला सांगितला होता: ज्याचे ओठ दिसले त्याला उत्तर द्यायचंच. कारण समोरचा कदाचित सांगत असेल की तुझ्या मागाचा धोटा, आडवा दोरा नेणारा तो लाकडी ठोकळा, उडणार आहे, बाजूला हो. न बघणं हा तिथे उद्धटपणा होता. त्यावरून मारामाऱ्या व्हायच्या म्हणे.

परदेशीपुऱ्यात आमचं घर म्हणजे एक खोली, मागे स्वयंपाकाची अरुंद पट्टी आणि पुढे रस्त्याकडे उघडणारा ओटा. सासूबाईंचे कान असे तिखट की शेजारच्या घरात कोणी पापड मोडला तरी त्यांना कळावं. अशा घरात नव्या नवराबायकोने बोलायचं तरी कधी आणि काय! म्हणून मी ओठ वाचायला शिकले. त्यांनी मला पहिल्या दिवसापासून जे विचारलं होतं आणि मला पान चघळणं वाटलं होतं, ते होतं, "दमलीस?" एवढंच. ते कळलं तेव्हा मी ओट्यावर केर काढत होते. केर काढायचं सोडून तशीच उभी राहिले. महूच्या माझ्या घरात मला असं कोणी विचारलेलं नव्हतं.

मग आमचा सगळा संसार असाच झाला. भांडणंसुद्धा. सासूबाई मध्ये बसून वाती वळताहेत आणि आम्ही दोघं त्यांच्या डोक्यावरून कडाकडा भांडतोय, आवाज नाही. एकदा मी म्हटलं, "आज परत गिलकीच?" आणि दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी भरली वांगी केली. ताटात वाढताना म्हणाल्या, "घे. गिलकी नको होती ना तुला?" मला ठसकाच लागला. अहो, त्याही लूमखात्यातल्या माणसाच्या बायको! त्यांना इतकी वर्षं सगळं कळत होतं आणि बाईंनी ताकास तूर लागू दिली नाही. "रात्रीचं बघत नसे हो मी," एवढं मात्र नंतर त्या म्हणाल्या. त्या गेल्या तेव्हा मला हे सगळ्यात आधी आठवलं.

मिल बंद झाली ती काही एकदम नाही. आधी पाळ्या कमी झाल्या. मग आज कापूस नाही, उद्या वीज नाही. टीव्हीवर रोज सांगत होते की देश खुला झालाय, बाहेरून कंपन्या येताहेत, आता सगळं बदलणार. ते खरंच होतं. आमच्या चौकात थंड पेयांचा नवा लाल फ्रिज आला आणि आमच्या मिलच्या फाटकाला कुलूप लागलं. त्या दिवशी ते नेहमीच्या वेळेला डबा घेऊन गेले आणि डबा तसाच घेऊन परत आले. दारात उभे राहून ओठांनी म्हणाले, "झालं." मी पोळ्या लाटत होते. लाटत राहिले. नंतर शेजारणी येऊन रडल्या, त्यांच्या घरचेही मिलमध्येच होते. त्यांच्यासाठी मी चहा ठेवला. मला काही झालंच नाही. काहीतरी व्हायला हवं होतं, एवढं कळत होतं. पण दाताला भूल दिल्यावर गाल आपलाच असून आपला वाटत नाही, तसं चाललं होतं.

त्यानंतर ते रोज फाटकावर जायला लागले. नुसते बसायला. फाटकासमोरच्या कडुलिंबाखाली सगळे लूमवाले, सूतखात्यातले, रंगखात्यातले येऊन बसायचे. कोर्टात केस चालली होती. आज तारीख, परवा तारीख.

"चालू होणार, पक्की खबर आहे," ते घरी येऊन सांगायचे. म्हणजे ओठांनी सांगायचे. आवाज त्यांनी जवळजवळ टाकूनच दिला होता. मागांच्या धडधडीत उभं आयुष्य गेलेलं, त्यात कानही अर्धे गेलेले, मोठ्यानं बोलायची सवय त्यांना कधी फारशी नव्हतीच. आता तर आमच्या एकुलत्या मुलीशीही बोलेनात. ती शाळेतून यायची, म्हणायची, "आई, बाबा काय बोलून राहिले? मला तर काहीच समजत नाही." तिला आम्ही ही भाषा शिकवली नव्हती. नवराबायकोची गोष्ट होती ती, पोरीला कशाला शिकवायची!

मी म्हटलं, "असं किती दिवस फाटकावर बसणार?"

ते म्हणाले, "नोकरी आहे माझी तिथे."

"नोकरी नाही, कुलूप आहे."

यावर त्यांनी तोंड फिरवलं. आमच्या बोलण्यात तोंड फिरवणं म्हणजे दार आपटणं. मग पुढे बोलताच येत नाही.

माझ्या भावाने महूला छावणीजवळ एसटीडीचं दुकान टाकलं होतं. फौजी लोक गावी फोन करायला रांगा लावायचे. तो म्हणाला, "ताई, तुझा ओटा रस्त्यावर आहे. बूथ टाक. जिजाजी नुसते बसले तरी चालेल." मी पाटल्या मोडल्या. त्याचंही काही वाटलं नाही. पाटल्या काढल्यावर मनगट हलकं झालं आणि पोळ्या लाटताना होणारी किणकिण गेली, एवढाच फरक. ओट्यावर ॲल्युमिनियमच्या चौकटीचा, काचेचा बूथ उभा राहिला. आत फोन, एक स्टूल आणि छोटा पंखा. बाहेर काउंटरवर लाल आकड्यांचं मीटर. वर पिवळी पाटी.

ते म्हणाले, "मी दुकानदार नाही. मी लूमवाला आहे."

"मिल चालू होईपर्यंत बसा," मी म्हटलं. "चालू झाली की उठा. मी अडवणार नाही."

या एका गोष्टीवर ते बसले. सकाळचं फाटक काही सोडलं नाही, तिथून आले की दुपारपासून दुकानात. मी मनात धरून चालले होते की एवढं दुकान उभं राहिलं तर हा माणूसही उभा राहील, आणि दुकान बुडालं तर आम्ही तिघंही त्या कडुलिंबाखाली जाऊन बसू. मला दुसरं काही सुचत नव्हतं.

पहिले काही दिवस ते मीटरकडे बघत मुकाट बसले. गिऱ्हाईक काही विचारायचं, हे नुसते ओठ हलवायचे, आणि मग आतून मी पदराला हात पुसत धावायचे. मग एक दिवस मी स्वयंपाकाच्या पट्टीतून बाहेर बघितलं तर ते हसत होते. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा. बूथमध्ये एक जाडसर व्यापारी फोनवर बोलत होता, काचेचं दार घट्ट बंद. ह्यांनी माझ्याकडे बघून ओठ हलवले, "बायकोला सांगतोय, मी देपालपुरात आहे, गाडी बिघडली."

मला क्षणभर कळेना. मग कळलं आणि मी पदर तोंडात कोंबला. काच ना ती! लूमखात्यातल्या माणसाला काचेचं दार काय आणि उघडं दार काय, सारखंच. बाहेर उभ्या लोकांना आत बोलणारा माणूस नुसता तोंड हलवताना दिसायचा, आणि ह्यांना शब्द न् शब्द कळायचा.

तो पावसाळा आमचा बरा गेला. दुपारी मी भाजी चिरत पट्टीच्या दाराशी बसायचे, ते काउंटरवर, आणि मधून एकेक बातमी यायची. अमक्याला मुलगा झाला. तमका नोकरीसाठी सुरतेला चाललाय. एक म्हातारे गृहस्थ दर रविवारी मुलाला फोन लावायचे, तिकडून कोणी उचलत नसे, तरी म्हातारे आत उभे राहून थोडा वेळ बोलायचे, मग बाहेर येऊन सांगायचे, "झालं बोलणं." मीटरवर आकडा पडलेलाच नसायचा, ते ह्यांनी मला दाखवलं. हे चूक आहे असं तेव्हा आमच्या मनातही आलं नाही. लूमखात्यात ज्याचे ओठ दिसतात त्याचं बोलणं सगळ्यांचं असतं. ह्यांचा चेहरा जरा उजळला होता, मला तेवढं पुरे होतं.

मागच्या गल्लीतली एक मुलगी फोन करायला यायची. कॉलेजात होती. हातात वही, केसांना दोन क्लिपा, आल्यावर "नमस्ते अंकल" म्हणायची. नेहमी दुपारची यायची, गल्ली झोपलेली असताना. कोणाला फोन करते ते ह्यांना माहीत होतं आणि म्हणून मलाही. घरच्यांना नव्हतं. तिच्या घरात मोठा भाऊ म्हणजे बापाच्या जागी, आणि लगेच हात उगारणारा. सगळी गल्ली त्याला वचकून होती.

एका दुपारी ती आत गेली आणि बोलता बोलता रडायला लागली. मी आत कुकर लावत होते, मला काही दिसलं नाही. मला नंतर सगळं ह्यांनी सांगितलं. तिच्या बोलण्यावरून कळत होतं की मुलाच्या घरच्यांनी त्याचं लग्न ठरवलंय आणि तो काही करू शकत नाही. ती म्हणत होती, मी मरेन. तसं तीनचारदा म्हणाली. ह्यांनी ते बघितलं. ती रडत रडत फोन ठेवून वळली, तेव्हा काचेतून तिची नजर ह्यांच्यावर पडली. आणि ह्यांनी तिला उत्तर दिलं.

ओठांनी म्हणाले, "रडू नको बेटा. जाऊ दे त्याला." आणि हाताने लूमखात्यातली खूण केली. अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर घासायचं आणि हात पुढे झटकायचा. धागा तुटला, गाठ मार, माग चालू ठेव. दिवसातून पन्नासदा करायची खूण ती. माझं दूध उतू गेलं तरी ते मला तीच करायचे.

पण तुम्ही सांगा, ज्याला ही खूण माहीत नाही त्याने ती कशी घ्यायची! एक बाप्या माणूस एका तरण्या मुलीला काचेतून ओठ हलवून दाखवतोय आणि बोटं चोळून हात झटकतोय. समोरच्या चहाच्या टपरीवर दोनतीन जण बसले होते. त्यांनी मुलीला डोळे पुसत, घाईघाईने बाहेर पडताना बघितलं. आणखी काय हवं?

संध्याकाळी दिवेलागणीला भाऊ आला. बरोबर टपरीवरचे आणि आणखी चारपाच. मी देवाजवळ निरांजन लावत होते, तोवर बाहेर काउंटरवर धाडकन हात पडला.

"क्यों अंकल, इशारे करते हो मेरी बहन को?"

मी बाहेर आले. ह्यांची कॉलर त्याच्या मुठीत होती. मुलगीही आली होती, कोणीतरी ओढून आणली होती साक्षीला. भिंतीला चिकटून उभी होती, चेहरा पांढराफटक. टपरीवाला सांगत होता, "अपन ने देखा भिया, ऐसे उंगली करके." आणि खूण करून दाखवत होता. चुकीची करत होता.

"बोलो ना, क्या बोल रहे थे उसको?"

ह्यांचे ओठ हलले. आवाज आलाच नाही. त्यामुळे लोक आणखी चिडले.

मी पुढे झाले, "अरे भिया, थांबा. हे तसले नाहीत." आणि तिथेच मी अडकले. कारण पुढे काय सांगणार? तसले नाहीत तर मग काय करत होते? खरं सांगायचं तर सांगावं लागेल की हे ओठ वाचतात, ती रडत होती म्हणून धीर देत होते. मग भाऊ विचारणार, रडत का होती? फोनवर कोण होतं? ती पोर माझ्याकडे बघत होती. तिला ह्यांची भाषा येत नव्हती, पण तिला काहीतरी कळलं होतं. ती मान किंचित हलवत होती, नाही, नाही. आणि ते सोडलं तरी, लोकांचे फोन ऐकणारा माणूस म्हटल्यावर त्या बूथकडे पुन्हा कोण फिरकणार होतं?

मी ह्यांच्याकडे बघितलं. मधे ती सगळी माणसं, आरडाओरडा, कोणी म्हणतंय पोलिसात द्या, कोणी म्हणतंय इथेच दोन ठेवा. त्यांची मान भावाच्या मुठीत वाकडी झाली होती पण डोळे माझ्यावर होते.

मी ओठांनी विचारलं, "सांगू?"

ते म्हणाले, "नको. पोरगी मरेल."

"मग?"

"वेडा म्हण मला."

त्यांनी लगेच परत म्हटलं, "म्हण. लवकर."

एवढ्या माणसांच्या मधोमध आम्ही हे बोललो आणि कोणालाही ऐकू गेलं नाही. टपरीवाला मोठ्यानं म्हणाला, "देखो, देखो, फिर मुँह चला रहा है!"

मग मी मोठ्यानं म्हटलं. रडायचं सोंगसुद्धा करावं लागलं नाही, कोरड्या आवाजातच म्हटलं, "भिया, मिल बंद झाली तेव्हापासून ह्यांचं डोकं ठिकाणावर नाही. आपले आपणच पुटपुटतात. हात झटकतात. दिवसभर असंच. घरात भिंतीकडे बघून पण करतात. डॉक्टरला दाखवलंय. तुमच्या बहिणीला काही नाही केलं हो, त्यांना तर समोर कोण आहे ते पण कळत नाही."

आणि ह्यांनी, मला आधार द्यावा तसं, मान एका बाजूला टाकली आणि रिकाम्या भिंतीकडे बघून ओठ हलवले. हात झटकला.

कॉलर सुटली. गर्दीतला आवाज एकदम खाली आला. कोणीतरी म्हणालं, "अरे मिलवाले हैं बेचारे. कितनों का ऐसा हो गया." भावाने चक्क त्यांची कॉलर नीट केली. मला म्हणाला, "आंटीजी, इनको दुकान पे मत बिठाया करो." मी हो म्हटलं. मुलगी भावाच्या मागून चालत गेली. तिने मागे वळून बघितलं नाही.

मला तेव्हा फार वाटायला हवं होतं ना? मी आत गेले, निरांजन विझलं होतं ते परत लावलं. वरण गरम केलं. आमची मुलगी कोपऱ्यात गुडघे पोटाशी घेऊन बसली होती, तिला म्हटलं, "ऊठ, पानं घे." बाबा खरंच वेडे आहेत का, असं तिने मला विचारलं. नाही म्हणून सांगितलं. मग तू असं का म्हणालीस? मी तिच्या पानात भात वाढला. ते जेवले, हात धुतले आणि मग त्यांनी बोलायला सुरुवात केली. आवाज काढून. इतका घोगरा आवाज, की मुलगी दचकली.

"आता ते बंद," ते म्हणाले.

"काय?"

"ओठांचं. कोणी आपल्याला असं बोलताना बघितलं तर त्यांना कळेल, हा वेडा नाही, हा वाचतो. मग त्या पोरीचं निघेल सगळं. आता तू पण माझ्याशी मोठ्यानं बोलत जा. घरात पण. सवय राहिली की दुकानात होणारच."

मी म्हटलं, "घरात कोण बघतंय?"

"नाही. बंद म्हणजे बंद."

ते म्हणत होते ते बरोबरच होतं. मी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी बूथच्या काचांना मी दुधी कागद चिकटवला, उभं राहिलं की माणसाचं नुसतं कपाळ दिसेल इतका. थोडे दिवस मीच काउंटरवर बसले, मग लोक विसरले आणि ते परत बसले. ते मीटरकडे बघायचे, मोठ्यानं आकडा सांगायचे, मोठ्यानं "पुढचे या" म्हणायचे. लोकांच्या तोंडाकडे बघत नसत. ऐकायला नाही आलं तर कान पुढे करायचे. फाटकावर जाणंही थांबलं. ती बातमी कडुलिंबापर्यंत पोचली होतीच. त्यांचे जोडीदार त्यांना बघितल्यावर जरा हळू, लहान मुलाशी बोलावं तसं बोलायला लागले होते. लूमखात्यातला माणूस लूमखात्यातल्या माणसाशी आवाज काढून बोलतोय, म्हणजे समजा काय ते. दोनदा गेले, मग म्हणाले, "काही नाही तिथे."

तेवढं एक मला हवं होतं आणि ते झालं. मिल सुटली. फक्त मी धरलं होतं की ती सुटली की माणूस माझ्याकडे परत येईल.

मला पहिले काही महिने फार जड गेलं. भाजी चिरताना आपसूक मान वर व्हायची. त्यांची मान खाली. कधी मीच विसरून ओठ हलवायचे, तर ते चटकन नजर काढून घ्यायचे. रागाने नव्हे. पाळत होते बिचारे. त्यांनी ठरवलं की पाळायचे, मग ते जेवताना मीठ न घेणं असो की हे असो. मोठ्यानं बोलायला लागल्यावर आमचं बोलणं आपोआप कमी झालं. मोठ्यानं काय बोलणार? गॅस आलाय. मुलीची फी भरायचीय. दूधवाल्याला सांग. बाकीचं जे होतं ते मोठ्यानं बोलण्यासारखं नव्हतंच कधी.

दुकान मात्र चाललं, हे सांगायलाच हवं. फोनच्या जोडीला झेरॉक्स आलं, मग पोरांचे मोबाइल आले तसं रिचार्ज आलं, एक दिवस बूथच काढून टाकला आणि त्या जागी काचेचं कपाट केलं. मुलगी शिकली, लग्न होऊन पुण्याला गेली. फोनवर मला म्हणते, "आई, बाबा आता किती नॉर्मल झालेत ना." मी हो म्हणते. मिल काही चालू झाली नाही. तिचे माग भंगारात गेले ते आम्ही पेपरात वाचलं. ते वाचून त्यांनी पेपर घडी करून ठेवला आणि पाण्याची मोटर लावायला गेले.

परवाच्या उन्हाळ्यात मागच्या गल्लीतली ती फोनवाली मुलगी दुकानात आली. माहेरी आली होती, कडेवर लेक. अंगाने भरलेली, चांगल्या घरातली दिसत होती. तेव्हा आमच्याकडे विजेचा असा खेळखंडोबा होता की दिवसाचे कितीतरी तास वीज नसे. रस्त्यावरच्या प्रत्येक दुकानाच्या पायरीवर जनरेटर. सगळे एकदम सुरू झाले की माणसाला आपलाच आवाज ऐकू येत नसे. तिने रिचार्ज घेतलं. ह्यांना वाकून नमस्कार केला, ह्यांनी खालच्या खाली मान हलवली. मग माझ्याजवळ आली आणि माझ्या कानाशी तोंड आणून ओरडली, "काकू, अंकल आता ठीक आहेत ना? मतलब... तब्येत?"

तिच्या तोंडावर खरीखुरी कणव होती. ती तिच्या भावासमोर मी बोललेलं खरं मानून इतकी वर्षं जगली होती. मला तिचा राग आला नाही. तिला काही सांगावंसंही वाटलं नाही. मी ओरडून म्हटलं, "हो, एकदम छान आहेत." लेकीचा गाल ओढला. ती गेली.

मी तिथेच उभी राहिले. समोर काउंटरच्या पलीकडे ते, घामाने सदरा पाठीला चिकटलेला, चष्मा नाकावर. जनरेटरची धडधड पायाखालच्या फरशीतून अंगात चढत होती. लूमखातं असंच असेल, मला पहिल्यांदा वाटलं, मी तर कधी आत गेले नव्हते. आणि मला वाटलं, आता काय हरकत आहे? ती पोर तिच्या घरी सुखाची. बूथ नाही. आता कोणापासून लपवायचंय?

त्यांनी कशासाठी तरी मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. मी ओठ हलवले, "दमलात?"

ते बघत राहिले. मी परत म्हटलं, सावकाश, "दमलात का?"

त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या, एक हात कानामागे धरला, जनरेटरकडे बोट दाखवलं आणि मोठ्यानं ओरडले, "काय? अगं, जोरात बोल ना! ऐकू येत नाही!"

शेजारी उभं असलेलं गिऱ्हाईक हसलं. मी ओरडून म्हटलं, "काही नाही. चहा टाकू का विचारत होते."

"हां, टाक," ते म्हणाले.